नुसरत खानम हो म्हणाल्या

अताउल्लानं चौथ्यांदा आग्रह केला आणि नुसरत खानम 'हो' म्हणाल्या.

निरोपाच्या बैठकीला सगळी गल्ली त्याच्या खोलीत गालिच्यावर मांडी घालून बसली होती. कुणाच्या हातात चहाचा पेला, कुणाच्या दातांत सूर्यफुलाची बी. ते 'हो' पडलं आणि बी सोलायची कटकट एकदम थांबली. चहाच्या सामोवराला रीतभात नसते. तो एकटाच खळखळत राहिला.

इराणातल्या आमच्या बुरुजर्दमध्ये भला माणूस असा सहजी 'हो' म्हणत नाही. चहा पुढं केला की नको म्हणायचं, पुन्हा केला की 'कशाला उगाच त्रास' म्हणायचं, तिसऱ्यांदा केला की नाइलाजानं मान लववून घ्यायचा, ही झाली चहाची रीत. पण काही आग्रह नुसते शोभेचे असतात. 'हे घर तुमचंच समजा' असं आपण प्रत्येक पाहुण्याला म्हणतो. म्हणून कुणी वळकटी घेऊन राहायला येत नाही. याला आम्ही तआरुफ म्हणतो. देणाऱ्याला ठाऊक असतं की घेणारा घेणार नाही, घेणाऱ्याला ठाऊक असतं की देणारा देणार नाही, आणि तरी दोघांचं मन निवतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढणाऱ्याचा हात सढळ असला की त्यानंही पोट भरतं. फक्त वर जो बसला आहे तो शब्द शब्दासारखाच ऐकतो, त्याच्या दरबारी शोभेचं काही चालत नाही, एवढं आपण विसरतो.

अता वाईट माणूस नव्हता. सूतगिरणीला टाळं लागल्यापासून घरी बसलेल्या या हिशेबनिसाला लुरिस्तान सोडून पार दक्षिणेला, बूशहर प्रांतात, समुद्राकाठच्या कंगान गावी वायू कंपनीत जागा मिळाली होती. बर्फातून उठून भट्टीत जायचं. पण नोकरी ती नोकरी. बायको माहरुख, शाळेत जाणारी लेक सोगंद, कंपनीच्या दोन खोल्या, आणि महिना संपायच्या आत हजर व्हायचा हुकूम. त्या आनंदात बैठक रंगली होती. तेवढ्यात भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या नुसरत खानम, सत्तरी ओलांडलेल्या, नवरा कधीच देवाघरी गेलेल्या, मूलबाळ नसलेल्या, आपल्या सहज म्हणाल्या, "आता पलीकडून मला कुणाचं खोकणं ऐकू येणार?"

"मग चला की आमच्याबरोबर, खानम!" अता म्हणाला.

"नको रे बाबा. म्हाताऱ्या माणसाचं ओझं कुठं वागवता?"

"ओझं कसलं, डोक्यावरचा ताज आहात तुम्ही! चलाच."

"देव तुझी सावली माझ्यावर ठेवो, पण नको."

"अहो, तुमच्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"जीव ओवाळून टाकीन तुझ्यावरून. पण नको."

इथं तीन झाले. इथं तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण कोपऱ्यात आगा बहमन बसले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सुकामेव्याचं दुकान, आणि त्या दुकानात बसून ते दुकान सोडून बाकी सगळ्यांचे व्यवहार पाहत. त्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात शेजार!"

कामावर जाणाऱ्या माणसाला दिवसातून दोन-चार 'वा' आपोआप मिळतात, त्याला त्याची किंमत नसते. घरी बसलेल्याला एकच मिळाला की तो थेट डोक्यात जातो. अतानं छातीवर हात ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "खानम, तुम्ही बसल्याशिवाय आमच्या गाडीचं चाक फिरणार नाही!"

नुसरत खानमनी पेला बशीत ठेवला. गालातला साखरेचा खडा विरघळू दिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "येते मग."

पाहुणे नेहमीपेक्षा फार लवकर उठले. जाताना सगळ्यांनी अताचा हात जरा जास्तच वेळ दाबला, मयताच्या घरी दाबतात तसा.

"बाबा, तुम्ही खोटं बोललात?" सोगंदनं विचारलं.

"खोटं नाही. आदरानं बोललो."

"मग आता आदरानं काय करायचं?"

"तू पेले उचल."

माहरुखनं नोकरीसाठी व्रत धरलं होतं. रोज जपमाळेवर सलवात म्हटल्याशिवाय ती अंथरुणाला पाठ लावत नसे. माळ फिरवता फिरवताच ती म्हणाली, "येऊ देत की. मला तिकडं कोण आहे?"

"दोन खोल्या आहेत, माहरुख! आणि कंपनीत काय सांगू? शेजारीण आणली आहे म्हणून? लोक हसतील."

"लोक इथले हसतात की तिथले, तेवढंच ठरवायचं आहे," असं म्हणून तिनं पुढचा मणी ओढला.

आता नाही म्हणायचं कसं? 'खानम, ते मी असंच म्हटलं होतं' असं तोंडावर सांगायला आमच्याकडे अजून कुणी जन्माला आलेलं नाही. अब्रू जाते, आणि बोलणाऱ्याची जाते त्याहून ऐकणाऱ्याची जास्त जाते. म्हणून अता दुसऱ्या दिवशी आगा बहमनच्या दुकानात जाऊन बसला. आगा बहमननी पिस्त्यांचं ताट पुढं सरकवलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "घाबरवा. म्हातारं माणूस, आपोआप माघार घेईल. नाही आपण म्हणायचं नाही, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं."

अता गेला. नुसरत खानम अंगणातल्या हौदाशी बसून पालक धूत होत्या.

"खानम, तिकडचा उन्हाळा म्हणजे काय सांगू! हवा नव्हे, वाफ."

"बरंच की. हकीम म्हणतोच, तुमच्या गुडघ्यांना शेक हवा."

"पाणी खारट असतं म्हणे."

"मग आमटीत मीठ कमी लागेल."

"विंचू फार. अंथरुणात निघतात."

"मी विंचवाचं काय वाकडं केलंय?" त्यांनी हिरव्या देठांवरून हात फिरवला. "तू माझी किती काळजी करतोस रे. सख्खा मुलगा इतका विचार करत नाही."

अता घरी आला तो हातात पालकाची जुडी घेऊन.

त्यानंतर गल्लीत ज्याला त्याला सल्ला सुचू लागला. शाळामास्तरांची बायको म्हणाली, सरळ आजारी पडा. तुमचं जाणं पुढं ढकललं की म्हातारीचा उत्साह आपोआप ओसरेल. अताला ही युक्ती आवडली, कारण तिच्यात पडून राहायचं होतं. सर्दीचं निमित्त करून तो कण्हू लागला. पण आपल्या शहरात सर्दीवर एकच औषध आहे आणि ते म्हणजे उकडलेला सलगम, हे पडण्यापूर्वी त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. नुसरत खानम पातेलं घेऊनच आल्या. उशाशी बसून त्यांनी त्याला सकाळ-संध्याकाळ सलगम भरवला, मध्ये बिहीच्या बिया भिजवून त्यांचं बुळबुळीत पाणी पाजलं, कपाळावर हात ठेवून कुराणातल्या आयती म्हटल्या. अताला सलगमाचा वासही सहन होत नसे. खोटा आजार दुसऱ्या दिवशी बरा झाला. पोट मात्र खरंखुरं बिघडलं, आणि ते निस्तरायला त्याच बाई पुदिन्याचा काढा घेऊन हजर.

"आई गेल्यापासून माझ्या कपाळावर कुणी हात ठेवला नव्हता," तो बायकोला म्हणाला, आणि लगेच भिंतीकडे तोंड करून झोपला, कारण हे वाक्य त्याच्या बाजूचं नव्हतं.

मग त्यानं देवाला मध्ये घालायचं ठरवलं. मशिदीतल्या शेखकडे जाऊन त्यानं इस्तिखारा काढायला सांगितला. कौल लागला की माणसाचा इलाज नसतो. 'खानम, वरूनच नाही आलं' एवढं म्हटलं की सगळ्यांची अब्रू राखली जाते. शेखनं डोळे मिटले, माळेचा मूठभर भाग धरला, दोन-दोन मणी सोडत गेला आणि त्याचा चेहरा उजळला.

"फार चांगला कौल आहे! सुरुवातीला जड जाईल, पण शेवट बरकतीचा."

"पुन्हा एकदा काढता का?" अता म्हणाला.

शेखनं डोळे उघडले. "देवाला ऐकू येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

आता राहिली कचेरी. ही शेवटची आशा. खुर्रमाबादला कंपनीची कचेरी होती आणि घरात कोण कोण राहणार त्याची नोंद तिथं करावी लागे. अता आयुष्यात प्रथमच एखाद्या कचेरीत नकार मिळावा म्हणून चालला होता, आणि मनातून अगदी निश्चिंत होता. नकाराच्या बाबतीत इतक्या वर्षांत त्याला कुठल्याही खिडकीनं निराश केलं नव्हतं. शेजारीण ही नात्यात बसत नाही. कारकून म्हणणार नाही, आपण म्हणणार अरेरे, आणि तो नकार घेऊन घरी.

कारकुनाचं नाव लाहूती. आधी त्यानं नेहमीप्रमाणे कागद अपुरा असल्याचं सांगितलं. अताला फार बरं वाटलं. छायाचित्र उद्या आणा, म्हणाला; अता जवळजवळ हसला.

"ही चौथ्या नावाची बाई कोण?"

"कोणी नाही," अता पुढं वाकून म्हणाला. "शेजारीण. एकट्याच असतात. रक्ताचं काहीच नातं नाही बघा. बसत नाही ना नियमात?"

लाहूतीनं पेन खाली ठेवलं. "शेजारीण?" तो म्हणाला. "तुम्ही एका परक्या म्हातारीला सोडून जायला तयार नाही?"

"तसं नाही, म्हणजे..."

"माझी आई अलीगुदर्झला एकटी आहे." लाहूतीचे डोळे भरले. "सख्खी आई. आणि मी इथं बसून लोकांच्या आयांची नावं खोडतो." त्यानं नाक शिंकरलं, कागद ओढला आणि 'नातं' या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'खाला' लिहिलं. "मावशी झाली तुमची. छायाचित्रही नको. शिक्का मारूनच देतो. आगा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पाऊस पडतो." आणि तो खिडकीमागून बाहेर येऊन अताच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन गेला. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली. कचेरीत पहिल्याच फेरीत काम झालेला माणूस आपण पाहिला, हे त्यांनी घरी जाऊन सांगितलं असेल.

परतीच्या बसमध्ये अता तो कागद गुडघ्यावर धरून बसला होता. डोंगरावर बर्फाची पहिली रेघ दिसू लागली होती. 'तुमच्यासारखी माणसं' हे शब्द त्याला टोचत होते, आणि खरं सांगायचं तर ते आपल्याला शोभावेत असंही वाटत होतं. असं वाटणं फार धोक्याचं असतं. त्यातून माणूस कधीकधी खरोखर सुधारतो.

तो कागद घेऊन तो सरळ नुसरत खानमच्या घरी गेला. दार उघडंच होतं. आत सगळीकडे कापूस आणि लोकर उडाली होती. मधोमध खानम बसल्या होत्या, ओठांत सुई धरून, आणि त्यांच्यासमोर सोगंद दोन्ही हात पसरून उभी, डोक्यावरून पायापर्यंत बारीक फुलांचं पातळ कापड.

"हलू नकोस गं. ये, अता. हे बघ, तिकडं उकडणार म्हणतोस ना, म्हणून पातळ चादोर बेतले आहेत. तिघींना तीन. कापड पुरलं बाई."

"कुठलं कापड?"

"कोरसीची रजई उसवली. आतलं अस्तर आहे हे."

कोरसी म्हणजे बुटकं मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी आणि वरून चौफेर सोडलेली जाडजूड रजई. आमच्याकडे थंडी पडली की सगळं घर तिच्यात पाय घालून बसतं. घरात दुसरं काही नसलं तरी चालतं, ती रजई लागते.

"ती तुमच्या आईनं दिलेली ना?"

"हो. समुद्रावर घेऊन काय करू तिला? लोकर देऊन टाकली गादीवाल्याला." त्यांनी दातानं धागा तोडला. "आणि कोंबड्या मास्तरांकडे दिल्या. घरमालकालाही सांगितलं, महिनाअखेरीला किल्ली घे म्हणून. लग्न होऊन या दारातून आत आले, त्यानंतर आत्ताच बाहेर निघतेय बघ. रात्री झोप लागत नाही. नव्या नवरीसारखं झालंय."

आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

 कागद अताच्या हातातच राहिला. घरी येऊन त्यानं बूटही काढले नाहीत. "माहरुख," तो म्हणाला, "ट्रकवाल्याला सांगायला हवं, खानमची पेटी वर ठेवायची, खाली नको. आणि पुढची खोली त्यांना देऊ. तिथून वारा येत असेल."

माहरुखनं त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशीचा जप तिनं दोनदा केला.

सगळं इथं गोड व्हायला हरकत नव्हती. पण निघायच्या आदल्या सकाळी अता पाव आणायला गेला तेव्हा आगा बहमननी दुकानातूनच हात वर केला. "काम फत्ते!"

"कुठलं काम?"

"नुसरत खानमचं. म्हटलं आता वेळ उरला नाही, आपणच पुढं व्हावं. काल संध्याकाळी जाऊन सांगून आलो. अगदी साखरेत घोळवून हं. म्हटलं, अता संकोची माणूस, बैठकीत तोंडातून निघून गेलं, आता बिचाऱ्याला ना गिळता येत ना थुंकता. तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हीच मोकळं करा त्याला."

अताच्या हातातले पाव खाली पडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे?" आगा बहमन खरंच दुखावले. "इतके दिवस माझे पिस्ते खात इथं बसून रडत कोण होतं?"

ते खरं होतं. पिस्तेही भरपूर खाल्ले होते.

अता धावत गेला. नुसरत खानमनी घर झाडून काढलं होतं. त्या नेहमीच्याच चेहऱ्यानं म्हणाल्या, "बस. चहा टाकते. अरे, तुला सांगणारच होते. मी काही येत नाही बाबा. पहाटे नमाजाला बसले आणि मनात आलं, नवऱ्याची कबर इथं. दर गुरुवारी तिच्यावर पाणी कोण घालणार? बाईच्या जातीनं असं उठून जाऊ नये. तू रागावू नकोस हं."

"आगा बहमननी काहीतरी बरळलेलं..."

"छे, ते कुठे आले होते?" खानम म्हणाल्या. त्यांच्या ताटलीत आगा बहमनच्या दुकानाचे बदाम होते.

"खानम, चला. मी मनापासून म्हणतोय."

"तुझं मन मोठंच आहे."

"मोठं नाही! मला खरंच तुम्ही हव्या आहात. आम्हाला करमणार नाही तिकडं."

"किती गोड बोलतोस."

"तुमच्या पाया पडतो."

"आयुष्य वाढो तुझं."

तेव्हा त्याला कळलं की आपली मूठ रिकामी आहे. शपथ घ्यावी तर ती चहासाठीही घेतात. पाया पडावं तर कुणीही कुणाच्याही पडतं. जीव ओवाळून टाकतो म्हणावं तर तो किराणा घेतानाही ओवाळतात. खरं बोलायला ठेवलेला असा एकही शब्द आम्ही शिल्लक ठेवलेला नाही. सगळे रोजच्या वापरात झिजलेले. तो जितकं कळवळून बोलला तितकं ते शोभिवंत होत गेलं. शेवटी बोलून बोलून त्याला ठसका लागला, तर खानमनी त्यालाच पाणी दिलं.

"रजई उसवलीत," तो म्हणाला. "हिवाळ्यात काय घेणार?"

"गल्ली आहे की. आणि घरमालक भला आहे, किल्ली राहू द्या म्हणाला." त्या उठल्या. "तुझ्या डोक्यावर कामं किती. जा."

दुसऱ्या सकाळी सगळी गल्ली दारात उभी राहिली. नुसरत खानमनी कुराण दोन्ही हातांनी उंच धरलं आणि माहरुख, सोगंद आणि अता त्याखालून वाकून बाहेर पडले. माहरुख त्यांच्या गळ्यात पडली ती सुटेचना. सोगंदनं तो पातळ फुलांचा चादोर अंगावर घेतला होता. थंडीनं कुडकुडत होती, पण काढत नव्हती.

अता गाडीत बसला. किल्ली लावली. आणि फिरवली नाही.

"खानम, बसा," तो काचेतून म्हणाला. "तुम्ही बसल्याशिवाय मी निघत नाही."

"वेडा आहे का हा!" नुसरत खानम हसल्या.

"निघत नाही."

गल्लीत कौतुकाची कुजबूज झाली. मास्तर म्हणाले, "बघा, जाता जाताही काय अदब आहे." अतानं हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसून राहिला. माणसं आणखी खूश झाली. आगा बहमननी तर टाळीच वाजवली. "आग्रह असावा तर असा! नाहीतर आजकालची पोरं!"

"मी खरंच म्हणतोय!" अता ओरडला. त्याचा आवाज फाटला. "तुम्हाला कुणालाच कळत नाही का? मी खरंच म्हणतोय!"

"वा," कुणीतरी हळहळून म्हणालं. बायकांनी डोळे पुसले.

पुढं उभ्या असलेल्या सामानाच्या ट्रकनं कर्णा वाजवला. त्याला रात्रीपर्यंत शिराज गाठायचं होतं, आणि अताला उद्याच हजर व्हायचं होतं. नुसरत खानम खिडकीशी आल्या. त्यांनी अताच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी सलगमाच्या दिवसांसारखा, आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पुरे आता, बाळा. लोक बघताहेत. तुझी अब्रू राहिली, माझीही राहिली. जा."

त्यानं किल्ली फिरवली. मागे पाण्याचा सपकारा ऐकू आला. गेलेली माणसं पाण्यासारखी सुखरूप परत यावीत म्हणून आम्ही गाडीमागं पाणी टाकतो. ते कुणी टाकलं, हे आरशात पाहायचं धैर्य त्याला झालं नाही.

लुरिस्तानची हद्द गेली, इस्फहान मागे पडलं.  उन्हं कलायच्या सुमाराला रस्त्याकडेच्या एका टपरीशी अता थांबला. टपरीवाला मोठ्या मिशांचा, पोट सुटलेला माणूस होता. अतानं उभ्यानंच चहा घेतला आणि खिशात हात घातला.

"राहू द्या, आगा," टपरीवाला म्हणाला. "पाहुणे व्हा आमचे." प्रत्येक टपरीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच म्हणतो, आणि गिऱ्हाईक 'छे छे' करत पैसे ठेवतं.

अताचा हात खिशातच राहिला. "खरंच?" त्यानं विचारलं.

"आँ?"

"खरंच राहू द्या म्हणता, की म्हणायचं म्हणून? रागावू नका. मला कळेनासं झालंय. तुम्ही सांगा मला."

टपरीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीतल्या दोघींकडे पाहिलं. पुष्कळ वाटसरू पाहिलेला माणूस होता तो. या माणसाचं कुणीतरी गेलं असावं, असं त्याला वाटलं.

"म्हणायचं म्हणून, आगा," तो हळूच म्हणाला. "सगळेच म्हणतात."

"मग खरं असेल तेव्हा काय म्हणता?"

टपरीवाला विचार करू लागला. प्रामाणिकपणे, डोकं खाजवून त्यानं विचार केला. शेवटी त्यानं मान हलवली, आणखी एक पेला भरला, अताच्या पुढ्यात ठेवला आणि काहीच न बोलता आत निघून गेला.

अता तो पेला घेऊन गाडीशी आला. सोगंद काचेला डोकं टेकून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी पाणी प्यायला त्यांच्या घरात गेले होते ना, निघताना. दाराआड त्यांचं बोचकं होतं."

"कसलं बोचकं?"

"बांधलेलं. वर नमाजाचं आसन आणि चपलांचा जोड. म्हणजे नुसतं उचलायचं होतं." तिनं डोळे मिटले. "मला वाटलं, तुम्ही अजून एकदा म्हणाल."

अतानं पेला माहरुखच्या हातात दिला. तिनं तो घेतला, नको न म्हणता, पहिल्याच वेळी.